पक्ष्यांच्या मागचा श्वास

त्या रविवारी दर्शनाला ठाण्याला सासरी जेवायला जायचं होतं. राजेश मुलीला घेऊन दुपारीच पुढे गेला होता. तिने केस वाळवायचे, साडी नेसायची आणि रिक्षा पकडायची, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात फोन वाजला.

"दर्शना, मी सुहासिनीबाई बोलतेय. कामात आहेस का गं?"

शाळा सुटून इतकी वर्षं झाली, तरी हा आवाज कानावर पडला की दर्शना बसल्या जागी ताठ व्हायची. सातवीत बाईंनी तिला मराठी शिकवलं होतं. पुढे दोघी मुलुंडातच राहिल्या, बाजारात भेटत राहिल्या, पण बाईंना 'नाही' म्हणणं तिला कधी जमलंच नाही.

"नाही बाई, बोला ना."

"आमचा कॉम्प्युटर रुसलाय बघ. सकाळी काहीतरी अपडेट आलंय म्हणाला, आपणच बंद झाला, आपणच सुरू झाला आणि तेव्हापासून नुसता काळा पडदा. वरती इंग्रजीत एक ओळ येते आणि थांबतो. तू त्यातलीच, म्हणून म्हटलं…"

दर्शना त्यातलीच होती. अंधेरीच्या एका मोठ्या कंपनीत अडून बसलेली यंत्रं मार्गाला लावणं हेच तिचं काम. बाईंचं घर वाटेवरच होतं. जाता जाता होऊन जाईल, असा विचार करून तिने पर्समध्ये स्क्रूड्रायव्हर आणि पेनड्राइव्ह टाकला आणि निघाली.

बाईंची इमारत मुलुंड पूर्वेच्या अगदी टोकाला होती. तिच्यापलीकडे मिठागरं, मिठागरांपलीकडे तिवरांचं खाजण आणि मग खाडी. ओहोटी असली की वाऱ्याबरोबर चिखलाचा वास रस्त्यापर्यंत यायचा. वर सातव्या मजल्यावर मात्र तो कधी पोचत नसे. बाईंच्या घरात नेहमी उदबत्तीचा आणि धुतलेल्या सुती कपड्यांचा वास असायचा.

दार बाईंनीच उघडलं. त्या खूप वाळल्या होत्या. दिवाळीनंतर बाईंचे यजमान, नंदकिशोर काका गेले, त्याला आता बरेच दिवस झाले होते. बँकेतून निवृत्त झाल्यावर काकांना पक्ष्यांचे आवाज टिपायचा नाद लागला होता. "फोटो काय, सगळेच काढतात. आवाज कोण ठेवतो?" असं म्हणायचे. उजाडायच्या आत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवून, कानाला हेडफोन लावून खाजणात उभे राहायचे. गेलेही तिथेच. मासे धरायला आलेल्या कोळ्यांना ते तिवराच्या झाडाला टेकून बसलेले दिसले. हेडफोन कानालाच होता, म्हणून आधी कुणाला शंका आली नाही. ऐकत बसलेत, असंच वाटलं.

कॉम्प्युटर आतल्या खोलीत होता. खिडकी खाडीकडची, त्यामुळे त्या खोलीत संध्याकाळ जरा लवकरच उतरायची. टेबल, काकांची उशी घातलेली खुर्ची, मागे एक लोखंडी खाट. दर्शना खुर्चीत बसली, तशा बाई दारातच घुटमळल्या.

"सगळं आत असेल ना गं? त्यांचे पक्षी?"

"असणार. कॉपी आहे ना दुसरीकडे कुठे?"

"नाही गं. ते सगळं तेच बघायचे. मला उघडून ऐकण्यापुरतं येतं." बाई पदराशी चाळा करत राहिल्या. मग, वर्गात कधीच बोलल्या नसतील अशा दबक्या आवाजात म्हणाल्या, "रोज तिन्हीसांजेला दिवा लावला की एक लावते. कधी ढोकरी, कधी खंड्या. पक्ष्यांसाठी नाही हं लावत. ते स्वतः कधी बोलायचे नाहीत त्यात. पक्षी बुजतो म्हणायचे. पण पक्षी ओरडायच्या आधी जी शांतता असते ना, तिच्यात त्यांचा श्वास येतो. आधी अगदी हळू. मग धरून ठेवलेला. पक्षी ओरडून झाला की सोडलेला… तेवढंच ऐकते."

"होईल बाई. काळजी करू नका," दर्शना म्हणाली.

बाई स्वयंपाकघरात गेल्या. दर्शनाने बटण दाबलं. पंखा घरघरला, हिरवा दिवा लागला, आणि काळ्या पडद्यावर ती ओळ आली: सुरू करण्याजोगी डिस्क सापडली नाही. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. पुन्हा सुरू होताना असं रुसणारी यंत्रं ती रोज बघत होती. तिने वायरी तपासल्या, यंत्र बंद करून डब्याचे स्क्रू काढले आणि बाजूचा पत्रा सरकवला.

आतून वास आला. धुळीचा किंवा तापलेल्या वायरीचा नव्हे. ओहोटीच्या खाजणाचा, कुजलेल्या पानांचा, खारट, थंड वास. डब्याच्या तळाशी करड्या चिखलाचा एक थर होता. तिने बोट लावून पाहिलं. चिखल ओला होता.

तिने रुमालाने बोट पुसलं. काकांच्या हाताचा असेल, असं तिने मनाला सांगितलं. पण काकांना जाऊन किती दिवस झाले, हा हिशेब तिने मुद्दामच केला नाही. मेमरीच्या पट्ट्या काढून तिने त्यांच्या सोनेरी कडा टेबलावरच्या खोडरबराने घासल्या, परत बसवल्या. आतला बटणासारखा सेल काढून परत बसवला. पुन्हा सुरू केलं. यंत्राला आता डिस्क दिसत होती. म्हणजे डिस्क धडधाकट होती, फक्त सुरू कुठून व्हायचं तेवढं विसरली होती. काकांचे पक्षी सुखरूप होते.

आधी सगळं दुसरीकडे उतरवून घ्यावं, असं तिच्या मनात आलं. आलं होतं, हे तिला पुढे फार छळणार होतं.

फोन वाजला. राजेश.

"अगं, निघालीस का? आई पानं घ्यायची थांबलीय."

"बाईंकडे आहे रे. कॉम्प्युटर बंद पडलाय त्यांचा."

"आज? रविवारी? यार दर्शना, तुला कुणाला नाही म्हणता येतं की नाही? सगळे जमलेत इथे."

"झालंच. पाच मिनिटं."

"तुझी पाच मिनिटं माहितीयत मला. ही घे, पोरगी रडतेय, तूच सांग हिला."

फोन कान आणि खांद्यामध्ये धरून दर्शना मुलीची समजूत काढू लागली. हात यंत्रावर चालत होते. तिने पेनड्राइव्ह लावला, दुरुस्ती करून बघितली, ती झाली नाही. मग हात सवयीने पुढे गेले. ऑफिसात सगळ्यांच्या फाइली सर्व्हरवर असतात. तिथे अडलेलं यंत्र सरळ पुसायचं आणि नव्याने उभं करायचं. तिने डिस्कवरचे जुने भाग पुसायला निवडले. सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का, असं यंत्राने विचारलं. तिने ते वाचलंच नाही. हो. हो. पुढे.

"हो गं सोन्या, येतेच आई," ती फोनवर म्हणाली आणि फोन ठेवला.

मग तिने पडद्याकडे पाहिलं.

नवी यंत्रणा चढत होती. आकडा हळूहळू सरकत होता. काकांचे पक्षी पुसले गेले होते.

खरं तर तेव्हाही सगळं संपलं नव्हतं. पुसलेलं लगेच नाहीसं होत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्या क्षणी बटण दाबून यंत्र बंद करायचं, डिस्क काढायची, बाईंना जाऊन सांगायचं. एवढंच करायचं होतं. बटण हाताशी होतं. बाई भिंतीपलीकडे होत्या.

दर्शनाने बटण दाबलं नाही. नवी यंत्रणा चढली की कॉम्प्युटर सुरू होईल. सुरू झालेल्या कॉम्प्युटरकडे बघून कोण विचारतं, काय गेलं आणि कुणी घालवलं? तिने तो आकडा तसाच सरकू दिला. चारचौघांत उठून दिसणारी, हुशार, खरं बोलणारी म्हणून नावाजलेली मुलगी. आणि ती एका म्हाताऱ्या विधवेच्या घरात, तिच्या नवऱ्याच्या खुर्चीत बसून, त्याचं शेवटचं उरलंसुरलं पुसलं जाताना बघत होती. तिचे कान आतून तापले होते.

बाई चहा घेऊन आल्या. "काय म्हणतोय?"

"बाई…" दर्शनाने पडद्यावरून नजर हलवली नाही. "सुरू होईल. पण डिस्क आधीच गेली होती. सकाळीच. आत काहीच राहिलं नव्हतं."

कप टेबलावर टेकल्याचा आवाज झाला.

"काहीच नाही?"

"नाही."

"बरं," बाई म्हणाल्या. मग त्यांनी दर्शनाच्या डोक्यावरून हात फिरवला. "तू कशाला रडवेली होतेस? तुझा काय दोष? दुकानवाला असता तर मी विश्वास ठेवला नसता. ते काहीही सांगतात. तू सांगतेस म्हणजे तसंच असणार. चहा घे. मी दिवा लावून येते."

त्या गेल्या. त्या हाताचा स्पर्श डोक्यावर तसाच राहिला. मारलं असतं तर बरं झालं असतं.

आणि लाइट गेली.

पंखा थांबला, पडदा विझला. खाली रस्त्यावरचे दिवेही गेले असावेत, कारण खिडकीत फक्त खाडीवरचं राखाडी आभाळ उरलं. अंधार पुरता पडला नव्हता. खोलीतल्या वस्तूंच्या कडा तेवढ्या दिसत होत्या. दर्शना न हलता बसून राहिली. आधी तिला वास आला. मघाशी डब्यातून आलेला, पण आता तो डब्यातून येत नव्हता. खोलीभर होता.

मग आवाज. दूरवर, पाण्यापलीकडे कुणीतरी शीळ घालावी तसा. एक पक्षी. मग दुसरा. मग पाण्याची हलकी चुळबुळ. तिने स्पीकरकडे पाहिलं. त्याची वायर तिनेच काढून टेबलावर ठेवली होती.

पच्…

चिखलात रुतलेला पाय उपसावा, तसा आवाज मागे खाटेपाशी झाला.

पच्… पच्…

दर्शनाने मान वळवली नाही. समोरचा विझलेला पडदा आरशासारखा झाला होता. त्यात खिडकी दिसत होती, खाटेची कड दिसत होती, तिचा स्वतःचा चेहरा दिसत होता. आणि चेहऱ्याच्या मागे, खुर्चीच्या पाठीला लागून, काहीतरी उभं होतं. नीट दिसत नव्हतं. फक्त कानांच्या जागी दोन गोल, काळे फुगवटे होते. हेडफोनसारखे.

तिच्या कानापाशी श्वास आला. थंड, सावकाश. त्यात राग नव्हता. धमकी नव्हती. तो आत घेतला गेला… आणि तिथेच थांबला.

तिला एकदम कळलं. बाईंनी सांगितलं होतं तसाच होता तो. पक्षी ओरडायच्या आधी धरून ठेवलेला श्वास. तिच्या मागे उभं होतं ते तिला काही करायला आलं नव्हतं. ते ऐकायला आलं होतं. ती काय बोलते ते.

दूरचे पक्षी गप्प झाले. पाणीही थांबलं. श्वास अजून सुटला नव्हता. इतका वेळ जिवंत माणसाला तो धरता आला नसता.

दारात उजेड हलला. बाई समई घेऊन उभ्या होत्या.

"दर्शना…" त्या हळूच म्हणाल्या. त्यांनी हवेत वास घेतला. "तुला काही ऐकू येतंय का गं?"

"नाही," दर्शना म्हणाली. "काही नाही."

वास एकदम गडद झाला. घशात चिखल भरावा तसा. तिच्या खांद्यावर काहीतरी थेंब थेंब पडू लागलं. गार, जाड. साडी चिकटू लागली. कानाशी तो श्वास तसाच अडलेला होता. वाट बघत होता. कंटाळत नव्हता. पहाटेपासून दुपारपर्यंत एका पक्ष्यासाठी उभ्या राहणाऱ्या माणसाला कसला आलाय कंटाळा…

"मी पुसलं," दर्शना म्हणाली. तिला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही. "बाई, डिस्क चांगली होती. सगळं होतं आत. मी फोनवर बोलत होते, माझ्या हातून पुसलं गेलं. आणि मी तुम्हाला खोटं सांगितलं. थांबवता आलं असतं, तेही थांबवलं नाही. कळू नये म्हणून."

तिच्या कानाला गार वारा लागला. श्वास सुटला होता.

लाइट आली. मागे खाट होती, खाटेवर घडी घातलेली गोधडी होती, बाकी कुणी नव्हतं. खांद्यावर साडी ओली होती आणि करडी झाली होती.

बाई समई तशीच धरून उभ्या होत्या. आता त्या ओरडतील, निदान रडतील, असं दर्शनाला वाटलं.

"ऊठ तिथून," बाई म्हणाल्या. "त्यांची खुर्ची आहे."

ती उठली. यंत्र परत सुरू व्हायच्या आत दर्शनाने वायर उपटली, डिस्क काढली, रुमालात गुंडाळली. निघताना तिने बाईंच्या पायाला हात लावला. बाईंनी पाय मागे घेतले नाहीत आणि आशीर्वादही दिला नाही. रिक्षात बसल्यावर तिला हुंदका फुटला. ठाण्याला पोचल्यावर खांद्यावरचा डाग बघून राजेश म्हणाला, "कुठे पडलीस की काय?" ती डाग धुवायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी ती डिस्क घेऊन साकीनाक्याला गेली. तिथे एका गाळ्यात चंद्रप्रकाश नावाचा माणूस पुसलेल्या डिस्कमधून माहिती परत काढून द्यायचा. ऑफिसातून तिने त्याच्याकडे पूर्वी काम दिलं होतं. तो डिस्क बघून म्हणाला, "लाइट वेळेवर गेली, मॅडम. अजून थोडं चढलं असतं तर वाट लागली असती." आठवडाभराने त्याने सगळं नव्या डिस्कवर परत दिलं. एकूण एक पक्षी. दर्शनाने गाळ्यातच उभं राहून एक लावून बघितला. ढोकरी होती. स्वच्छ, जणू खिडकीबाहेरच बसलीय. तिचे डोळे भरून आले.

ती धावत बाईंकडे गेली. नवी डिस्क बसवली, यंत्र सुरू केलं, आणि या वेळी खुर्चीत न बसता उभ्यानेच एक फाइल लावली. बाई खुर्चीत बसल्या. डोळे मिटून ऐकू लागल्या. पाणी, वारा, शांतता. मग पक्षी. मग परत शांतता.

बाईंनी डोळे उघडले. "दुसरं लाव."

दुसरं लावलं. तिसरं लावलं. शेवटी दर्शनालाच कळलं. पक्षी होते, पाणी होतं, दूरच्या होडीचं इंजिन होतं. शांतता मात्र रिकामी होती.

तिने तिथूनच चंद्रप्रकाशला फोन केला. तो गोंधळला. "श्वास? असं एकच काही वेगळं कसं निघेल, मॅडम? आवाज आला तर सगळाच येतो, नाहीतर काहीच नाही."

"राहू दे," बाई म्हणाल्या. "तू केलंस तेवढं केलंस." माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि दर्शनानेही मागायचं धाडस केलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ऑफिसात एक गोष्ट सुरू झाली. दर्शना दिवसभर फोनवर लोकांच्या अडचणी सोडवायची. एका दुपारी दिंडोशीच्या शाखेतून कुणीतरी विचारलं, "मॅडम, तुमच्या बाजूला अजून कुणी ऐकतंय का?" तिने आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. मग दुसऱ्याने विचारलं. मग सासूबाईंनी. राजेश म्हणाला, "फोन बदल तुझा, कुणीतरी धापा टाकल्यासारखं येतं त्यात." तिने फोन बदलला. काही फरक पडला नाही. तिला स्वतःला काहीच ऐकू येत नसे. ऐकू यायचं ते फक्त पलीकडच्यांना.

हे बाईंना कसं कळलं कोण जाणे. एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. खुशाली विचारून झाल्यावर त्या नुसत्या ऐकत राहिल्या. बऱ्याच वेळाने बाई म्हणाल्या, "ठेवते हं," आणि त्यांच्या आवाजात कित्येक महिन्यांत नव्हती अशी तृप्ती होती.

तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला बाईंचा फोन येतो. त्या बोलत नाहीत. दर्शना कुठेही असो, बाजूला होते, फोन कानाला लावते आणि स्वतःचा श्वास रोखून उभी राहते, म्हणजे मध्ये येऊ नये. मान खाली घालून, वर्गाबाहेर उभं केलेल्या मुलीसारखी. अंगावर काटा येतो, पण ती फोन कापत नाही. तेवढं आपण बाईंचं देणं लागतो, असं तिने स्वतःशी ठरवून टाकलंय.

परवा राजेश मुलीला घेऊन जुहूला गेला होता. घरात ती एकटीच होती. फोन आला. ती नेहमीसारखी खिडकीशी उभी राहिली, श्वास धरला. बाई ऐकत होत्या. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ.

मग पलीकडून हलका आवाज आला.

"दर्शना… तू श्वास धरलायस ना?"

"हो, बाई."

"हो ना," बाई विचारात पडल्यासारख्या म्हणाल्या. "मग आज दोघांचा कसा गं येतोय?"